रात्री लेकराला ताप चढला तर : आमच्या मेडिकलकडून ग्राहकांसाठी

नमस्कार, कोरोनात ओपीडी लवकर बंद व्हायच्या, तेव्हापासून रात्री शटर बडवून "पोराला ताप आहे, कायतरी द्या" म्हणणारे लई वाढलेत, म्हणून हा कागद बिलासोबत देतोय, फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आम्ही औषधवाले, डॉक्टर न्हाई. पण मार्च २०२० पासून डॉक्टरांना फोनवर, व्हिडिओवर विचारपूस करून चिठ्ठी देता येते. ती व्हॉट्सअपवर आली तरी चालेल, फक्त डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर आणि पेशंटचं नाव-वय त्यावर पाहिजे. "तोंडी सांगितलंय" म्हणून अँटिबायोटिक मागू नका, देणार नाही, मग राग आला तरी.

डॉक्टरांना फोन लावायच्या आधी पोराचं वजन माहीत पाहिजे, कारण पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही वजनावर ठरतो. दुकानात काटा आहे, दिवसा या, कडेवर घेऊन उभं राहा, मग तुमचं एकट्याचं वजन वजा करा, फुकट आहे. आणि बाटली हातात धरून लेबल वाचून दाखवा, कारण ड्रॉप्समधे बहुतेक १ मिलीत १०० मिग्रॅ असतं आणि साध्या सिरपमधे ५ मिलीत १२०, म्हणजे ड्रॉप्स चौपट कडक, आणि आज्जी लोकं दोन्ही टोपणानंच मोजतात! ॲस्पिरिन तर पोरांना अजिबात नको. घरात दीड-दोन महिन्यात कुणाला कोरोना झाला असेल तर तेही आपणहून सांगा, काही पोरांना नंतर ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी असं होतं.

पण काही वेळा फोनच करत बसू नका. ३ महिन्याच्या आतल्या बाळाला १००.४ ताप, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, झटका, ओठ निळे, दूध-पाणी कायच न घेणं, उठवलं तरी नीट जागं न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सरळ सिव्हिलला न्या, कॅज्युअल्टी २४ तास चालू असते. रिक्षा मिळत नसेल तर १०८ लावा, पैसे लागत नाहीत. कोरोनाच्या भीतीनं सकाळची वाट बघणारे आम्ही बघितलेत, तसलं करू नका.

रात्री चिठ्ठीवरचं औषध पाहिजे असेल तर आधी चिठ्ठीचा फोटो पाठवा, काढून ठेवतो. बेल शटरच्या डाव्या बाजूला आहे, शटर बडवू नका, वर आमची आई झोपलेली असते.