जुन्या फोर-बाय-फोरचा पुढचा ॲक्सल असा का आहे?

जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी, घरी सांभाळणाऱ्याचा निम्मा वेळ पुढच्या ॲक्सलखाली जातो. मागच्या ॲक्सलचं तेल बघितलं, ब्रेक बघितले की झालं. पुढच्याला मात्र चाकाला जोरही द्यायचा असतो आणि तेच चाक वळूही द्यायचं असतं. ही अडचण सोडवताना गेल्या शंभर वर्षांत जे निर्णय झाले, ते आजही त्या लोखंडात बसलेले आहेत. गळणारं सील, वळणावरची टकटक, अडकलेला लिव्हर या प्रत्येकामागे असा एखादा निर्णय सापडतो. तो कळला की काय उघडायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवता येतं.

पहिली अडचण जॉइंटची, म्हणजे शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्याची होती. प्रॉपेलर शाफ्टला (ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्याला) असतो तसा साधा क्रॉस-जॉइंट थोड्या कोनात ठीक चालतो. कोन वाढला की पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ३० अंशांवर त्याचा वेग साडेपंधरा टक्क्यांनी वाढतो आणि साडेतेरा टक्क्यांनी घटतो. स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर हाताला झटके बसतात ते यामुळे. यावर उपाय म्हणून फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फेनाय यांनी १९२६ मध्ये ट्रॅक्टा जॉइंट काढला. त्याच दशकात अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पा यांनी सहा गोळ्यांचा जॉइंट बनवला. त्यातली जाळी गोळ्यांना कायम दोन शाफ्टमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावर धरून ठेवते, म्हणून कोन वाढला तरी वेग एकसारखा राहतो. टोयोटा लँड क्रूझरवाले ज्याला बर्फील्ड म्हणतात, तो याच घराण्यातला.

अमेरिकन लष्कराने १९४० मध्ये हलकी टेहळणी गाडी मागवली आणि पहिला नमुना द्यायला ४९ दिवसांची मुदत दिली. कार्ल प्रोब्स्ट यांनी आराखडा केलेली बँटम कंपनीची गाडी २३ सप्टेंबर १९४० ला मेरिलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला पोचली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बांधल्या. एवढे जॉइंट एकाच कारखान्याकडून मिळणं अशक्य होतं, त्यामुळे एकाच मॉडेलच्या ॲक्सलमध्ये झेप्पा, बेंडिक्स, स्पायसर किंवा ट्रॅक्टा यांपैकी काहीही निघतं. जुन्या जीपचा जॉइंट मागवायचा असेल तर आधी आपल्या ॲक्सलमध्ये कोणता आहे ते उघडून बघा. नुसतं मॉडेल आणि साल सांगून मागवलेला सुटा भाग बसेलच असं नाही.

जॉइंट चिखलापासून वाचवायला त्याला गोलाकार कवचात बंद केलं गेलं. किंगपिन या उभ्या खिळीवर फिरणारं नकल (चाकासोबत वळणारा भाग) या कवचावरून सरकतं आणि मागच्या बाजूने फेल्ट-रबरचं सील त्याला पुसत राहतं. रचना मजबूत आहे, पण सगळा भार सीलवर पडतो. लँड क्रूझरसारख्या ॲक्सलमध्ये नकलच्या मागून काळपट, पातळ रबडी टपकायला लागली, की बहुतेक लोक बाहेरचं सील बदलतात आणि महिन्याभरात गळती परत येते. मूळ दोष आतल्या ॲक्सल सीलचा असतो. डिफरन्शियलचं (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचाचं) तेल त्यातून नकलमध्ये येतं आणि तिथल्या ग्रीसला पातळ करतं. सील जाण्यामागे पुष्कळदा ब्रीदर (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी वाट) तुंबलेला असतो. ॲक्सल तापला की आतली हवा फुगते आणि वाट नसली की तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. तोच तापलेला ॲक्सल ओढ्यात उतरला की हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. म्हणून ब्रीदरला लांब नळी जोडून ती इंजिनाच्या मागच्या भिंतीवर उंच नेणं, हा या गाडीवर करण्याजोगा पहिला बदल. खर्च नगण्य आणि फायदा कायमचा.

नकल उघडायचं असेल तर क्रम असा: बाहेरचा लॉकिंग हब (चाक शाफ्टला जोडणारा-सोडवणारा भाग) असेल तर तो काढा. स्टडवरचे शंकूच्या आकाराचे वॉशर अडकलेले असतील तर पितळी दांड्याने बाजूला ठोका, ते उडून सुटतात. मग लॉक-नट, चाकाचा हब, स्पिंडल, शाफ्ट. किंगपिनच्या वरच्या आणि खालच्या शिम (पातळ चकत्या) वेगवेगळ्या ठेवा आणि त्यांवर खूण करा. त्या नुसता ताण ठरवत नाहीत, नकलला कवचाच्या मध्यावरही धरतात. शिमची अदलाबदल झाली की नवं सील एका बाजूने घासून महिन्यात फाटतं. ग्रीस मॉलिब्डेनमचं, दोन नंबरचं. जॉइंटमध्ये ठासून आणि नकल साधारण पाऊण भरेल इतकं. चाकाच्या बेअरिंगला मात्र उष्णता सोसणारं लिथियम ग्रीस. टोयोटाच्या ॲक्सलवर आतला नट चाक फिरवत फिरवत साधारण ६० न्यूटन-मीटरला कसून बेअरिंग बसवतात, मग पूर्ण ढिला करून पुन्हा हलक्या हाताने कसतात. पहिल्या कसावरच सोडून दिलं तर बेअरिंग तापून निळं पडतं.

पूर्ण वळणावर टकटक येत असेल तर जॉइंटच्या खोबणी झिजलेल्या आहेत. झीज गाडी पुढे जाताना दाब येतो त्या बाजूलाच जास्त होते. त्यामुळे डाव्या-उजव्या जॉइंटची अदलाबदल केली की न झिजलेली बाजू कामाला येते आणि बरीच वर्षं निघतात. आतले दोन शाफ्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून जॉइंट त्यांच्यापासून सुटा करूनच बदलायचा.

दुसरा मोठा निर्णय ट्रान्स्फर केसमधला, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातला. जीपमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नव्हतं. फोर-व्हील लावलं की दोन्ही प्रॉपेलर एकमेकांना जखडले जातात. पण वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात. ८० इंची व्हीलबेस आणि मागच्या ॲक्सलची त्रिज्या ५ मीटर धरली, तर पुढच्या ॲक्सलला सुमारे ८ टक्के जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात टायर घसरून हा फरक जिरवतात. डांबरावर तो शाफ्ट आणि गिअरमध्ये पीळ होऊन साठतो आणि मग फोर-व्हीलचा लिव्हर बाहेर येत नाही. तो हातोड्याने ठोकू नका. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी काही मीटर मागे घ्या, पीळ उतरला की लिव्हर अलगद सुटतो.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा जीप सामान्य लोकांच्या हाती गेल्या आणि रस्त्यावर धावू लागल्या. टू-व्हीलमध्येही पुढचे शाफ्ट, क्राउन-पिनियन (डिफरन्शियलची मुख्य गिअर-जोडी), प्रॉपेलर उगाच फिरत राहत. आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने यावर हाताने फिरवायचे लॉकिंग हब काढले. ‘फ्री’वर फक्त चाक फिरतं, बाकी सगळं थांबतं. घरी करायच्या फेरफारांचा मोठा बाजार अशाच जोडकामांतून उभा राहिला. पण यात एक खोच आहे. महिनोन्महिने हब फ्री ठेवले तर डिफरन्शियलमधलं तेल खालीच बसून राहतं, वरचे दात आणि पिनियनचं बेअरिंग कोरडं पडून गंजतं आणि सीलही वाळतं. महिन्यातून एकदा हब लॉक करून, ट्रान्स्फर टू-व्हीलमध्येच ठेवून, १५-२० किलोमीटर चालवा. ॲक्सल जखडलेले नसल्याने हे डांबरावरही चालतं.

त्याच १९४८ मध्ये, एप्रिलअखेर, ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर आली. तिचाही व्हीलबेस ८० इंची होता. १९७० च्या रेंज रोव्हरने मात्र वाट बदलली: पाट्यांच्या स्प्रिंगच्या जागी कॉइल स्प्रिंग, कायमचं फोर-व्हील आणि मध्ये डिफरन्शियल. अशा गाडीवर लॉकिंग हब चढवून ते फ्री केले, तर मधलं डिफरन्शियल सगळा जोर रिकाम्या पुढच्या शाफ्टकडे सोडतं आणि गाडी जागची हलत नाही. डिफरन्शियल लॉक करून चालवलं, तर दोघांसाठी वाटलेला भार एकटा मागचा ॲक्सल सोसतो.

गाडी उचलण्याचं गणितही इथेच बदललं. पाट्यांवर ॲक्सल सरळ खाली जातो. कॉइलवाल्या गाडीत तो लांब हातांवर झुलतो, म्हणून उंची वाढली की ॲक्सल गोल फिरतो. हात ९० सेंटिमीटरचा असेल तर ५ सेंटिमीटर उचलण्याने कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) सुमारे ३ अंश घटतो. स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून परतत नाही आणि वेगात गाडी भरकटते. नुसत्या उंच स्प्रिंग विकत घेऊन हे काम पूर्ण होत नाही. हातांचे ऑफसेट बुश किंवा दुरुस्त केलेले हात सोबत लागतातच. टायरचंही तसंच. २९ इंचावरून ३३ वर गेलं की ४.१० चं गिअर गुणोत्तर प्रत्यक्षात ३.६० होतं आणि स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ९१ ने पळत असते. क्राउन-पिनियन बदलायचं ठरलं तर दोन्ही ॲक्सलचं बदला. फक्त मागचं बदलून फोर-व्हील लावलं तर सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ साठत जातो.

जॅक लावण्याआधी एक जुनी गोष्ट ध्यानात हवी. जीप आणि लँड रोव्हर दोन्हींचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियल मोकळं होतं आणि ओढलेला हँडब्रेक असूनही गाडी घरंगळते. खाली असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका.

हब नीट पकडतात का हे बघायला पुढची दोन्ही चाकं उचलून ॲक्सल घोड्यांवर टेकवा, मागच्या चाकांना ओंडके लावा, ट्रान्स्फर फोर-व्हीलमध्ये आणि गाडी गिअरमध्ये ठेवा, दोन्ही हब लॉक करा. आता एक चाक पुढे फिरवलं की दुसरं उलट फिरायला हवं. ते जागचं हललं नाही तर दोनपैकी एक हब पकडत नाही आहे. तो उघडून आधी वाळलेलं ग्रीस पुसा. बहुतेक वेळा दात शाबूत असतात, घट्ट झालेल्या ग्रीसमुळे सरकती कडी पूर्ण आत गेलेली नसते. परत जोडताना आत ग्रीसचा पातळ थरच द्या. ठासून भरलं तर काही महिन्यांनी तेच हब पुन्हा अडकेल.