मर्फीचा नियम

मर्फीचा नियम : ‘जे बिघडू शकते, ते बिघडणारच’ अशा आशयाचे विनोदी सूत्र. छत्री घरी विसरली त्याच दिवशी पाऊस गाठतो, तेव्हा लोक हसून मर्फीचे नाव घेतात. नियम जन्मला मात्र जिवावरच्या कामात.

१९४९ मध्ये अमेरिकी हवाई दल कॅलिफोर्नियातील म्युरॉक तळावर (आजचा एडवर्ड्स तळ) चाचण्या घेत होते. रुळांवरून रॉकेटच्या जोरावर धावणारी गाडी एकदम थांबली, तर माणसाचे शरीर किती झटका सोसते, हे पाहायचे होते. डॉक्टर जॉन पॉल स्टॅप स्वतःच त्या गाडीत बसत. झटका मोजायला अभियंता एडवर्ड मर्फी यांनी नवे संवेदक आणले. चाचणी झाली, नोंद मात्र शून्य. प्रत्येक संवेदक दोन प्रकारे जोडता येत होता आणि सगळेच उलटे जोडले गेले होते. मर्फी वैतागून काय म्हणाले, याच्या आठवणी वेगवेगळ्या आहेत. मथितार्थ असा, की एखादे काम चुकीच्या रीतीने करता येत असेल, तर कोणीतरी ते तसेच करणार. पुढे स्टॅप यांनी पत्रकारांना सांगितले, की हा नियम धरून चालल्यामुळेच आपल्या चाचण्या सुरक्षित पार पडल्या. तिथून तो सर्वत्र पसरला.

प्रसारात विनोद उरला आणि मूळ ताकीद मागे पडली, ही खेदाची गोष्ट आहे. ती वस्तू घडवणाऱ्यासाठी होती: चुकायला जागाच ठेवू नका. आपल्या तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन जाड आणि लांब असते, सिमकार्डाचा एक कोपरा छाटलेला असतो. म्हणून दोन्ही उलटी बसत नाहीत. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांची ‘पोका-योके’ पद्धत याच विचाराची.

पाव लोण्याच्या बाजूवरच पडतो, हे याच कुळातले वचन. ब्रिटनचे रॉबर्ट मॅथ्यूज यांनी १९९५ मध्ये ते गणिताने तपासले. टेबलाच्या कडेवरून घसरलेला पाव फिरू लागतो आणि जमिनीपर्यंत साधारण अर्धाच फेरा घेतो. लोण्याच्या वजनाचा फारसा संबंध नसतो. ‘शेजारचीच रांग भरभर सरकते’ या तक्रारीचे गणित त्याहून सोपे: शेजारी-शेजारी सारख्याच तीन रांगा असतील, तर आपली सर्वांत भरभर सरकण्याची शक्यता तिनात एक.

‘हाती असलेला वेळ भरेल इतके काम वाढते’ हा पार्किन्सनचा नियम (१९५५) आणि ‘बढती घेत घेत माणूस न झेपणाऱ्या पदावर जाऊन थांबतो’ हे पीटरचे तत्त्व (१९६९) ही प्रसिद्ध भावंडे.

मराठीत ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ आणि ‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणी याच अनुभवाच्या. हा तेरावा म्हणजे अधिक मास. सुमारे ३३ महिन्यांनी तो येतोच, पाऊस पडो वा न पडो. पण सुकाळात आलेला तेरावा महिना कोणी लक्षात ठेवत नाही.