मासुंदा तलावातलं बेट (तलावपाळी, ठाणे)

ठाणे स्टेशनवरून चालत दहा मिनिटांत मासुंदा तलाव येतो, ठाणेकर त्याला तलावपाळीच म्हणतात. पाळ म्हणजे तळ्याचा बांध, काठ, त्यावरून हे नाव. याच पाण्यात एक छोटंसं बेट आहे, त्यावर शंकराचं देऊळ, आणि चारही बाजूंनी पाणी असल्यामुळे एवढ्या गजबजलेल्या शहरात हा एक तुकडा जरा निवांत राहिलाय.

निसर्गाच्या दृष्टीने बेटाची खरी किंमत इथेच आहे. कुत्री, मांजरं, माणसं पाणी ओलांडून सहज जात नाहीत, त्यामुळे अशा जागा बगळ्या-पाणकावळ्यांना बसायला सुरक्षित वाटतात. वंचक नावाचा मातकट बगळा काठाला इतका स्थिर उभा राहतो की दगडच वाटतो, मान खांद्यात ओढलेली, नजर पाण्यावर, आणि उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात, तेव्हा कळतं की अरे हा इतका वेळ इथेच होता. पावसाळ्याच्या तोंडावर, विणीच्या काळात त्याच्या पाठीवर तांबूस-किरमिजी रंग चढतो, तेव्हा नक्की बघा. पाणी गोडं आहे, खाडीचं नाही. तळं शहराच्या मधोमध असल्यामुळे सांडपाणी आणि निर्माल्य जास्त झालं तर शेवाळ माजतं, रात्री पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. कारंजी फक्त शोभेची नसतात ती यासाठी, पाणी उडतं तेव्हा त्यात हवा मिसळते.

ठाणे म्हणजे शिलाहार राजांच्या काळातलं श्रीस्थानक. तलावाच्या काठावर कौपिनेश्वराचं, म्हणजे शंकराचंच, आणखी एक देऊळ आहे, त्याच्या मूळ देवळाचा संबंध त्याच काळाशी जोडला जातो. पुढे पोर्तुगीज आले, १७३७ ला मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी देऊळ नव्याने बांधलं, १८७९ मध्ये लोकवर्गणीतून पुन्हा दुरुस्ती झाली. आतली पिंड भलीमोठी आहे, पहिल्यांदा बघणारा माणूस दारातच थबकतो.

लोककथा या पिंडीभोवतीच फिरतात. जुनी माणसं सांगतात की धामधुमीच्या काळात देव तळ्याने पोटात घेतला आणि वेळ आल्यावर परत दिला. हा शब्दशः इतिहास म्हणून घेऊ नये, पण ठाण्याच्या तलावांच्या गाळातून जुन्या मूर्ती निघाल्यात, त्यामुळे गोष्ट अगदीच हवेतली पण नाही. दुसरी समजूत साती आसरांची, ती एकट्या मासुंद्याची नाही, कोकणापासून देशापर्यंत सगळीकडे आहे. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात देवी, त्यांना हळदकुंकू, नारळ, हिरव्या बांगड्या वाहायच्या, भर दुपारी आणि तिन्हीसांजेला एकट्याने पाण्याशी जायचं नाही. खोल पाण्यापासून पोरांना लांब ठेवायला याच्यापेक्षा चांगला उपाय नव्हता असं मला मनापासून वाटतं. तिसरी गोष्टही राज्यात कितीतरी तळ्यांची सांगतात: घरात लग्न असलं की काठावर जाऊन भांडी मागायची, सकाळी पाण्यावर तांब्यापितळेची भांडी तरंगत यायची, कार्य झालं की परत सोडायची, मग कुणीतरी लोभाने एक वाटी ठेवून घेतली आणि तळ्याने देणं बंद केलं.

बेट बघायला संध्याकाळची वेळ चांगली. बोटिंगला गेलात तर नाववाल्याला बेटाच्या जरा लांबूनच न्यायला सांगा, पक्षी उठत नाहीत.