७६ गोलच्या मागची चार वर्षं: तेमू सेलॅन्नेच्या करिअरची पार्श्वभूमी

फिनलंडच्या तेमू सेलॅन्नेचं नाव निघालं की लोक एकच आकडा सांगतात, ७६. १९९२-९३ च्या सीझनला हा पठ्ठ्या पहिल्यांदा एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या त्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगमध्ये उतरला आणि ८४ मॅचमध्ये ७६ गोल, ५६ असिस्ट (म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास), एकूण १३२ पॉइंट काढून मोकळा झाला. त्याच्याआधी पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त गोल माइक बॉसीचे होते, ५३, तेही १९७७-७८ सालचे. त्यामुळे याला रेकॉर्ड मोडणं म्हणायचं की रेकॉर्डची वाट लावणं म्हणायचं, तुम्हीच ठरवा. पण व्हिडिओ बघून वा वा करणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही, की हा नवखा तेव्हा २२ वर्षांचा होता आणि त्याला टीमने निवडून तब्बल चार वर्षं उलटली होती. मला विचाराल तर ७६ चं निम्मं उत्तर त्या चार वर्षांतच आहे.

जरा मागे जाऊ. फिनलंडमध्ये हॉकी जीव की प्राण असली तरी सत्तरच्या दशकात तिथला प्लेअर एनएचएलमध्ये जाणं ही फार लांबची गोष्ट होती. फिनलंडमध्येच तयार होऊन तिथे खेळलेला पहिला माणूस म्हणजे मात्ती हागमन, १९७६ साली, बॉस्टनकडून. मग १९८० मध्ये हेलसिंकीच्या योकेरित क्लबचा यारी कुर्री एडमंटनला गेला, त्या काळचा सगळ्यात मोठा स्टार वेन ग्रेट्स्कीच्या बाजूला खेळला, पाच स्टॅनली कप (एनएचएलचं टायटल) जिंकला, एका सीझनला ७१ गोल मारले, आणि मग मात्र फिनलंडच्या प्रत्येक पोराला वाटायला लागलं की आपल्यालाही जमेल. त्यातच फेब्रुवारी १९८८ मध्ये कॅलगरी ऑलिम्पिकला फिनलंडने शेवटच्या दिवशी सोव्हिएत टीमला २-१ ने हरवून सिल्व्हर घेतलं, हॉकीतलं त्यांचं पहिलंच ऑलिम्पिक मेडल. हवा गरम होती एकदम.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये ड्राफ्ट झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ड्राफ्ट म्हणजे एनएचएलच्या टीम साधारण अठरा वर्षांच्या पोरांना पाळीपाळीने निवडतात आणि मग त्या पोराचा हक्क त्या टीमकडे राहतो. पहिला नंबर माइक मोडॅनोचा लागला, दुसरा ट्रेव्हर लिंडनचा, आणि दहाव्या नंबरला कॅनडातल्या विनिपेग जेट्सने सेलॅन्नेला घेतलं. हा पण कुर्रीच्याच योकेरितचा. आता गंमत बघा, योकेरित तेव्हा फिनलंडच्या टॉप लीगमध्ये नव्हतीच, १९८७ मध्ये खाली ढकलली गेली होती. म्हणजे पहिल्या दहात निवडलेला पोरगा पुढचं वर्ष दुसऱ्या डिव्हिजनला खेळत होता. तिथे ३४ मॅचमध्ये ३५ गोल मारून त्याने टीमला वर आणलं.

विनिपेगला तो लगेच का गेला नाही? फिनलंडमध्ये पोरांना सक्तीची लष्करी सेवा असते, ते एक कारण. दुसरं म्हणजे त्याला स्वतःलाच घाई नव्हती. मग ऑक्टोबर १९८९ मध्ये पाय मोडला, चांगलाच मोडला, नडगीचं हाड आणि बाजूचं हाड दोन्ही, त्यामुळे तो सीझन ११ मॅचमध्येच संपला. आणि या सगळ्या काळात हा माणूस हेलसिंकीत बालवाडीच्या पोरांना शिकवायला पण जायचा, सकाळी लहान मुलं आणि संध्याकाळी हॉकी. आज ज्या वयात स्टार पोरांचे एजंट आणि जाहिराती सुरू होतात त्या वयात हा मुलांच्या मागे धावत होता. मला हा भाग त्या ७६ गोलइतकाच आवडतो.

बरा होऊन आल्यावर १९९०-९१ ला ४२ मॅचमध्ये ३३ गोल, पुढच्या वर्षी ४४ मॅचमध्ये ३९, मधे १९९१ चा कॅनडा कप, १९९२ चं आल्बेरव्हिल ऑलिम्पिक (तिथे याचे ७ गोल, टीम मात्र सातवी), आणि १९९२ च्या वसंतात योकेरितने १९७३ नंतर पहिल्यांदा फिनलंडचं टायटल जिंकलं. आपल्याकडे रणजीत तीन-चार सीझन धावांचा रतीब घालून मग कोणी टेस्टला येतो, तसं समजा. दाढी-मिशीवाल्या माणसांशी तो चार वर्षं टक्कर घेऊन आला होता, थेट ज्युनियर लीगमधून उचलून आणलेलं अठरा वर्षांचं पोर नव्हतं ते.

जायच्या वेळी पण नाटक झालंच. १९९२ च्या उन्हाळ्यात कॅलगरी फ्लेम्सने मधेच घुसून त्याला तगड्या पैशाची ऑफर दिली, नियमाप्रमाणे विनिपेगला तेवढेच पैसे मोजायचे नाहीतर प्लेअर सोडायचा असे दोनच रस्ते होते, आणि विनिपेगसारख्या खिशाने लहान टीमने पैसे मोजले. तसं विनिपेगला युरोपियन लोकांची सवय जुनी, १९७४ मध्येच तिथे स्वीडनचे हेडबर्ग-निल्सन आणि फिनलंडचे केटोला, रीहिरांता येऊन खेळले होते, जेव्हा बाकीच्या टीम युरोपियन म्हणजे नाजूक असं म्हणून नाक मुरडायच्या. त्यामुळे सेलॅन्नेला तिथे परकं वाटायचं फारसं कारण नव्हतं. सोबतीला सेंटरवर अलेक्सी झामनोव्ह, तोही त्याच वर्षी मॉस्कोहून आलेला आणि त्याच वयाचा, आणि मागून पास द्यायला फिल हाउझली, ज्याने त्या सीझनला ७९ असिस्ट दिले.

२ मार्च १९९३ ची रात्र तर क्लिपमध्ये सगळ्यांनीच बघितलेली असते. समोर क्वेबेक नॉर्डीक्स, विनिपेगचं घरचं मैदान. बॉसीला गाठायला दोन आणि मागे टाकायला तीन गोल हवे होते, सेलॅन्नेने तिन्ही त्याच मॅचमध्ये मारले. तिसऱ्याला टीममधल्या टाय डोमीने पक (बॉलऐवजी असते ती चपटी रबरी चकती) हवेतून पुढे टाकला, सेलॅन्ने सुसाट, गोलकीपर स्टेफान फिसे पुढे धावत आला आणि याने त्याच्या आधी पोचून पक हलकेच बाजूने आत सारला. मग ग्लोव्ह काढून वर हवेत फेकला आणि स्टिक बंदुकीसारखी खांद्याला लावून त्यावर गोळ्या झाडल्याची अ‍ॅक्टिंग केली. एवढं सगळं झालं आणि मॅच विनिपेग ७-४ ने हरली, हे कुठल्या क्लिपमध्ये नसतं. पुढच्या दीड महिन्यात याने आणखी २२ गोल मारले.

आता दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर भक्ती होईल नुसती. १९९२-९३ हा गोलांचा पाऊस पडलेला सीझन होता, १४ जणांनी ५० किंवा त्याहून जास्त गोल मारले, बफेलोच्या अलेक्झांडर मोगिल्नीचे पण ७६ च झाले. त्यानंतर आजवर कोणी सीझनला ७० गाठलेले नाहीत, कारण पुढे डिफेन्सचे डावपेच आणि गोलकीपिंग दोन्ही बदललं. आणि वयाचा मुद्दा तर लीगनेच आधी ओळखला होता. १९९० मध्ये सर्गेई मकारोव्हला ३१ व्या वर्षी बेस्ट नवख्याची कॅल्डर ट्रॉफी मिळाली, केवढी बोंब झाली, मग २६ च्या आतलाच पाहिजे असा नियम आला. नवख्याच्या पॉइंटचा आधीचा रेकॉर्ड, १०९, तोही पीटर स्टास्नीचा, चेकोस्लोव्हाकियातून पळून २४ व्या वर्षी आलेल्या माणसाचा. म्हणजे तयार होऊन आलेला युरोपियन पहिल्याच वर्षी धुमाकूळ घालतो हे सेलॅन्नेच्या आधीही दिसलं होतं, फक्त याने ते पार टोकाला नेलं.

नंतरचं बरंचसं लोकांना माहीत आहे म्हणून भरभर. जानेवारी १९९४ मध्ये समोरच्याच्या स्केटचं पातं लागून टाचेची शीर कापली गेली, फेब्रुवारी १९९६ मध्ये पैशाने खंगलेल्या विनिपेगने त्याला अनाहाइमला देऊन टाकलं आणि काही महिन्यांत टीमनेच गाशा गुंडाळून फिनिक्स गाठलं. अनाहाइमला पॉल कारियासोबत जोडी जमली, १९९९ मध्ये सर्वाधिक गोलसाठी नव्याने सुरू झालेली रिशार ट्रॉफी पहिल्यांदा यालाच मिळाली. मग सॅन होजे, मग कोलोरॅडो, जिथे गुडघ्याने दगा दिला आणि संपला बिचारा असं सगळे म्हणायला लागले. २००४-०५ चा अख्खा सीझन मालक-प्लेअर वादात रद्द झाला ते याच्या पथ्यावर पडलं, गुडघ्याचं ऑपरेशन करून अनाहाइमला परत आला, ४० गोल, पुढच्या वर्षी ४८, आणि जून २००७ मध्ये ओटावाला हरवून एकदाचा स्टॅनली कप. तेव्हा वय ३७ ला टेकलेलं. २०१४ ला सोची ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला ५-० ने हरवून ब्राँझ घेतलं तेव्हा ४३ वर्षांचा होता आणि टुर्नामेंटचा बेस्ट प्लेअर पण तोच. एनएचएलमध्ये एकूण १४५१ मॅच, ६८४ गोल.

पहिल्या वर्षात ७६ च्या जवळ त्यानंतर अजून कोणी फिरकलेलं नाही. सगळ्यात जवळ ओव्हेच्किन, २००५-०६ ला ५२, आणि तो पण लीग बंद असल्यामुळे एक वर्ष जास्त मॉस्कोत खेळून आलेला. २०१६ मध्ये नव्या विनिपेग जेट्सने (जुनी गेल्यावर त्याच नावाने आलेली टीम) पात्रिक लाइने नावाचा फिनलंडचाच पोरगा दुसऱ्या नंबरला घेतला तेव्हा सेलॅन्नेची तुलना लगेच सुरू झाली होती. त्याला कोणी चार वर्षं थांबवलं नाही, अठराव्या वर्षीच मैदानात उतरवला, ७३ मॅचमध्ये ३६ गोल मारले त्याने, आणि कॅल्डर ४० गोलवाल्या ऑस्टन मॅथ्यूजला गेली.