डॅन्यूबची क्रूझ आणि खापरपणजोबांची वाट

युरोपातली रिव्हर क्रूझ म्हटलं की डेकवर खुर्ची टाकायची, कॉफी प्यायची आणि काठावरचे किल्ले बघायचे, बहुतेक लोक जातातही त्यासाठीच. पण बुडापेस्टच्या खाली मोहाच, व्हुकोवार, नोवी साद, बेलग्रेड या टप्प्यात अमेरिका-कॅनडातून आलेले काही प्रवासी असे भेटतात की त्यांच्या बॅगेत चर्चच्या जुन्या नोंदींच्या झेरॉक्स असतात. हे डॅन्यूब स्वाबियन लोकांचे वंशज. त्यांचे जर्मन शेतकरी पूर्वज याच नदीतून खाली उतरले होते.

याची सुरुवात 1683 मधली. व्हिएन्नाचा वेढा फसला आणि ऑटोमन फौजा हळूहळू मागे सरकल्या, 1699 ला कार्लोविट्झचा तह झाला, 1717 ला बेलग्रेड पडलं आणि 1718 च्या पासारोविट्झच्या तहात बानात प्रांतही (आज रुमानिया-सर्बियात विभागलेला) ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या हातात आला. (काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्याकडे तेव्हा बाळाजी विश्वनाथ पेशवे होते.) जमीन भरपूर मिळाली पण लढायांनी गावं ओस पडलेली, सर्ब आणि रुमानियन वस्ती होती ती विरळ आणि बराच भाग दलदलीचा. शेत कसणार कोण आणि महसूल येणार कुठून? मग दक्षिण-पश्चिम जर्मनीतून माणसं बोलवायचं ठरलं, जमीन मिळेल, काही वर्षं कर माफ. सहावा चार्ल्स, मारिया थेरेसा आणि दुसरा जोसेफ या हॅब्सबर्ग राज्यकर्त्यांच्या काळात अशा तीन मोठ्या लाटा आल्या, 1780 च्या दशकापर्यंत. आधी कॅथलिकांनाच घ्यायचे, प्रोटेस्टंटांना दार उघडलं ते जोसेफच्या वेळी.

हे लोक निघायचे ते बहुतेक डॅन्यूबकाठच्या उल्म किंवा रेगेन्सबुर्ग या जर्मन शहरांतून. उल्मची होडी म्हणजे सपाट बुडाची, शीड नाही, मधे फळ्यांची खोली आणि वळवायला लांबच लांब वल्ही. प्रवाहाबरोबर खाली जायचं एवढंच तिचं काम, परत यायची सोयच नाही. मुक्कामाला पोचलं की होडी मोडायची आणि लाकूड विकून टाकायचं. पुढे काय वाढून ठेवलं होतं ते त्यांच्याच म्हणीत आहे, पहिल्या पिढीला मरण, दुसरीला हलाखी, तिसरीला भाकरी. दलदलीतला ताप, प्लेग आणि 1737-39 चं तुर्कांशी युद्ध, यात पहिल्या वसाहतींपैकी कित्येक उजाड झाल्या.

तिसऱ्या पिढीनंतर मात्र बस्तान छान बसलं, पण जमिनीचे तुकडे पडत गेले आणि 1900 च्या आसपास बरेच जण अमेरिकेला निघाले. पडद्यावरचा टारझन जॉनी वाइसमुलर यांच्यातलाच, जन्म 1904 चा, गाव फ्राइडॉर्फ, आता ते रुमानियातल्या तिमिशोआरा शहरातच आलंय. पाच ऑलिंपिक सुवर्णपदकं अमेरिकेसाठी मिळवली आणि जन्मगाव मात्र पेनसिल्व्हेनियातलं सांगत राहिला, त्यामुळे घरात ऐकलेल्या गावाच्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये हे आलंच.

पहिल्या महायुद्धानंतरच्या, 1920 च्या ट्रायनॉनच्या तहाने हा सगळा मुलूख हंगेरी, रुमानिया आणि युगोस्लाव्हियात वाटला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तर वाताहतच झाली. युगोस्लाव्हियात जर्मन लोकांना गाकोवो, रुडोल्फ्सग्नाडसारख्या गावांतल्या छावण्यांत कोंडलं, तिथे हजारो माणसं भुकेने आणि रोगाने मेली, हंगेरीतून 1946 पासून हकालपट्टी आणि रुमानियातून जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत खाणींकडे रवानगी. नाझी सत्तेला यातल्या अनेकांनी साथ दिली होती हेही खरं, एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेची एक डिव्हिजनच बानातच्या जर्मनांतून उभी केली होती. पण छावणीत मेली त्यात म्हातारी आणि पोरं कितीतरी.

मग शीतयुद्ध, म्हणजे वंशजांना इकडे फिरणं अवघडच. 1989 नंतर वाट मोकळी झाली आणि 1992 मध्ये ऱ्हाइनला मिळणारी माइन नदी डॅन्यूबला जोडणारा, बांबर्ग ते केलहाइम हा 171 किलोमीटरचा कालवा पूर्ण झाला, त्यामुळे ॲमस्टरडॅमहून बसलेला माणूस जहाज न बदलता थेट डॅन्यूबमध्ये उतरू लागला. क्रूझचा धंदा खरा वाढला तो यानंतर. मधेच 1999 ला नाटोच्या बॉम्बहल्ल्यात नोवी सादचे पूल नदीत कोसळले आणि पात्र अडलं, ते पूर्ववत व्हायला काही वर्षं गेली.

गंमत म्हणजे डॅन्यूबमध्ये मोठी जहाजं चालतात ती केलहाइमपासून खाली, त्यामुळे पूर्वज जिथून होडीत बसले त्या उल्मला क्रूझ जातच नाही. 2000 साली सुरू झालेलं डॅन्यूब स्वाबियन म्युझियम तिथे आहे, ते बघायचं तर ट्रेनने जायचं.

आणि कागदपत्रं! त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडच्या नामावळीत जशी घराण्याची नावं सापडतात तशी इथे चर्चची बाप्तिस्मा, लग्न, मृत्यूची रजिस्टरं, पण कधी लॅटिनमध्ये, कधी जर्मन तर कधी हंगेरियन, आणि हंगेरीत 1895 पासून सरकारी नोंदणी वेगळी. हे सगळं घरूनच शोधून निघायला हवं असं माझं मत, कारण जहाज एका बंदराला दिवसभर थांबलं तरी खूप. शिवाय गावं काठापासून आत आणि कंपनीच्या सहलींच्या यादीत ती सहसा नसतात, नोवी सादला उतरून स्वतःच टॅक्सी करावी लागते. ड्रायव्हरला रुडोल्फ्सग्नाड विचारलं तर तो बघतच राहील, आता ते क्निचानिन आहे आणि त्याआधी हंगेरियनांनी रेझोहाझा करून ठेवलं होतं, तेव्हा तिन्ही नावं आणि नकाशा खिशात ठेवलेला बरा.