हॉट-मेल्ट की ॲक्रिलिक: सारख्याच दिसणाऱ्या दोन पॅकिंग टेप

तपकिरी पॅकिंग टेपचे दोन रोल शेजारी ठेवा. रुंदी दोन्हींची ४८ मिलिमीटर, पाठ चकचकीत, आत पुठ्ठ्याची नळी. फिल्मसुद्धा एकाच जातीची असते: दोन्ही दिशांना ताणून घट्ट केलेलं पॉलिप्रॉपिलीन, म्हणजेच बीओपीपी. तरीही एक टेप लावल्या क्षणी खोका पकडते, तर दुसरी सुरुवातीला अगदी कमकुवत वाटते. काही महिन्यांनी मात्र पहिली सुटलेली आणि दुसरी घट्ट, असंही होऊ शकतं. हा सगळा फरक आतल्या गोंदाचा. एकीवर हॉट-मेल्ट असतो, दुसरीवर ॲक्रिलिक.

‘मजबूत टेप द्या’ असं म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मागत असतो: टेपने पटकन धरावं आणि दीर्घकाळ धरून ठेवावं. एकाच साध्या रोलमध्ये या दोन्ही गोष्टी क्वचितच सारख्या चांगल्या मिळतात. म्हणून खोका कुठे जाणार आणि किती दिवस बंद राहणार, हे आधी ठरवावं आणि मगच टेप निवडावी, असं माझं ठाम मत आहे.

हॉट-मेल्टचा गोंद म्हणजे कृत्रिम रबर, चिकटपणा वाढवणारी राळ आणि थोडं तेल. हे मिश्रण वितळवून फिल्मवर पसरतात. ते मऊ असल्यामुळे पुठ्ठ्याच्या खडबडीत पृष्ठभागात लगेच शिरतं आणि पहिल्याच स्पर्शात पकड घेतं. खोका ठासून भरलाय, वरची झाकणं सारखी उघडू पाहताहेत आणि पार्सल तासाभरात निघणार आहे, अशा वेळी ही पहिली पकडच उपयोगी पडते.

त्याचा कमकुवतपणाही त्याच्या घडणीतच आहे. या रबराच्या लांब साखळ्यांच्या टोकांना स्टायरीनचे तुकडे असतात. ते एकत्र येऊन कडक गाठी तयार होतात आणि त्या गाठी मधल्या मऊ रबराला जागेवर धरून ठेवतात. तापलेल्या ट्रकमध्ये किंवा पत्र्याच्या गोदामात गोंद मऊ पडतो, गाठींचा धाक कमी होतो आणि सतत ताणाखाली असलेली टेप कणाकणाने सरकू लागते. शिवाय रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन आणि उन्हातली अतिनील किरणं नेमकी त्यांनाच गाठतात. मग गोंद पिवळा पडतो, सुकतो आणि टेप वाळक्या सालीसारखी आपोआप सुटून येते.

ॲक्रिलिकची तऱ्हा वेगळी. हा गोंद बहुतेक वेळा पाण्यात मिसळलेल्या रूपात फिल्मवर पसरून वाळवतात. त्याच्या मुख्य साखळीत ते नाजूक दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ऊन, उष्णता आणि वय या तिन्हींपुढे तो जास्त टिकतो. पारदर्शक टेप असेल तर ती बराच काळ स्वच्छ राहते. पण तो पुठ्ठ्यात हळूहळू मुरतो. पूर्ण पकड यायला साधारण २४ ते ७२ तास लागतात. टेप लावून खोका लगेच फेकाफेकीच्या प्रवासाला पाठवला, तर मुरायला वेळ मिळण्याआधीच कडा उचलल्या जातात आणि दोष ‘हलक्या टेप’च्या माथी जातो. हाच खोका दोन दिवस थांबला असता, तर तीच टेप सोलताना पुठ्ठ्याचा थर घेऊन निघाली असती.

म्हणून आजच रवाना होणाऱ्या, गच्च भरलेल्या खोक्याला हॉट-मेल्ट लावावी. महिनोन्‌महिने रचून ठेवायचे खोके, कागदपत्रं, उन्हाची शक्यता असलेला साठा यांच्यासाठी ॲक्रिलिक. पुनर्वापर केलेल्या कागदाचा पुठ्ठा असेल तर मी पुन्हा हॉट-मेल्टकडे झुकेन. त्याचे तंतू आखूड असतात, वर बारीक धूळ असते आणि ॲक्रिलिकला तिथे शिरकाव करणं जड जातं.

खरेदीच्या वेळी सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तो मायक्रॉनच्या आकड्याने. रोलवरचा आकडा पुष्कळदा फिल्म आणि गोंद यांची मिळून जाडी सांगतो. दोन रोलवर ४५ मायक्रॉनच लिहिलेलं असलं, तरी एकात २८ मायक्रॉन फिल्म आणि १७ मायक्रॉन गोंद असू शकतो, तर दुसऱ्यात फिल्म जाड आणि गोंद नावापुरता. जाड फिल्म सहज फाटत नाही हे खरं, पण खोके उघडतात ते बहुधा टेप फाटून नव्हे, तर सुटून. विक्रेत्याला गोंदाची जाडी वेगळी विचारावी.

उत्तर मिळालं नाही, तर आपल्याच खोक्यावर पारख करता येते. दोन्ही टेपांचे दोन-दोन तुकडे लावा आणि अंगठ्याने जोरात घासा. प्रत्येक टेपचा एक तुकडा लगेच सोला, दुसरा दुसऱ्या दिवशी. टेपच्या पोटाला पुठ्ठ्याचे तंतू चिकटून आले, तर गोंदाची पकड पुठ्ठ्यापेक्षा भारी ठरली. दुसऱ्या दिवशीही पोट स्वच्छ निघालं, तर त्या खोक्यासाठी ती टेप नको.

टेप कशी लावली, यावरही बरंच अवलंबून असतं. हे दोन्ही गोंद दाबाने चिकटणारे आहेत, त्यामुळे नुसती टेप ठेवून चालत नाही, ती पूर्ण लांबीभर घासावी लागते. रोल ओढताना फार ताणू नये, कारण ताणलेली फिल्म परत आखडू पाहते आणि टोकं सोडवते. मधल्या फटीवरची पट्टी दोन्ही बाजूंना ५ ते ७ सेंटिमीटर खाली उतरवावी. कडाक्याच्या थंडीत दोन्ही गोंद कडक होतात, म्हणून खोका उबदार जागी बंद करून मग थंडीत न्यावा.

माल फारच जड असेल, तर या दोन्हींमध्ये निवड करत बसू नये. काचतंतूचे धागे घातलेली टेप घ्यावी, किंवा पाणी लावून चिकटवायची कागदी टेप. तिचा स्टार्चचा गोंद तंतूंत मुरून पुठ्ठ्याशी एकजीव होतो, आणि कोणी वाटेत ती उघडली तर पुठ्ठा फाटल्याशिवाय राहत नाही.