सेकंदाला एक माणूस

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजा. नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे किती माणसं तुमच्यासमोरून गेली? पुढच्या मिनिटात उलट दिशेची मोजा. साध्या मंगळवारीसुद्धा दोन्हीकडून दहा-दहा माणसं सहज भरतात. रविवारी तर मोजणं सोडूनच द्यावं लागतं.

हा दहाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

समुद्रकाठच्या फिरायच्या वाटेवर सायकलींना येऊ द्यावं का, हा वाद मी दोन्हीकडून ऐकत आले आहे, कारण मी दोन्हीकडची आहे. पहाटे सायकल काढते आणि संध्याकाळी आत्याला फिरायला नेते. सायकलवाल्यांचं म्हणणं, लोक चौघे-चौघे आडवे पसरून चालतात, डोकं मोबाइलमध्ये. चालणाऱ्यांचं म्हणणं, सायकलवाल्यांना शिस्त नाही. दोन्ही बाजू एकमेकांच्या स्वभावाबद्दल बोलतात. मला मात्र वाटतं, इथे स्वभावाचा दोष थोडा आणि गणिताचा फार आहे.

मिनिटाला दहा म्हणजे तासाला ६०० माणसं, प्रत्येक दिशेने. माणूस ताशी ५ किमी चालतो असं धरलं, तर एका दिशेची १२० माणसं दर किलोमीटरभर पसरलेली असतात, म्हणजे साधारण आठ मीटरला एक. वाट काही गच्च भरलेली दिसत नाही. आता ताशी १५ किमीने, म्हणजे अगदी रमतगमत, एक सायकल येते. तिच्याच दिशेने चालणाऱ्यांच्या तुलनेत तिचा वेग १० किमी. तासाभरात ती १,२०० जणांना मागे टाकेल. समोरून येणाऱ्यांच्या तुलनेत वेग २० किमी. तसे २,४०० जण तिला भेटतील. बेरीज ३,६००. तासात सेकंदही तेवढेच. म्हणजे विरळ वाटणाऱ्या त्या वाटेवर सायकलवाल्याला दर सेकंदाला एका माणसाशी जुळवून घ्यावं लागतं. हा कुठे वळेल, ती थांबेल का, मूल हात सोडवेल का, आणि हा अंदाज पुरा होतो न होतो तोच पुढचा माणूस समोर! कितीही सभ्य माणूस असो, अर्धा तास हे करून दाखवणं कठीण आहे.

तेच चालणाऱ्याच्या बाजूने पाहू. दर मिनिटाला एकेका दिशेने एकच सायकल, त्याच ताशी १५ किमीने, जाते असं धरा. ताशी ५ किमीने चालणाऱ्याला अर्ध्या तासात २० सायकली मागून येऊन ओलांडतात. माझी आत्या ताशी ३ किमीने चालते, तिला २४. जो जितका हळू, त्याच्या पाठीशी तितक्या जास्त सायकली. म्हातारी माणसं आणि लहान मुलं, म्हणजे ज्यांना चटकन बाजूला होता येत नाही, त्यांनाच ही भीती सगळ्यात जास्त वेळा सोसावी लागते.

मग सायकलवाल्यांनी हळू चालवावी, हा सल्ला लगेच येतो. गणेशोत्सवातली स्लो सायकल रेस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातली मेख कळेल. शेवटून पहिला येणारा जिंकतो आणि त्यासाठी हँडल वेड्यासारखं डावी-उजवीकडे फिरवत राहतो, कारण सायकल हळू गेली की पडायला लागते. सायकल तोल सांभाळते ती ज्या बाजूला कलते त्याच बाजूला चाक वळवून, म्हणजे पडणाऱ्या अंगाखाली चाकं परत आणून. वेग निम्मा झाला, की तेवढाच तोल सावरायला हँडल सुमारे चौपट वळवावं लागतं. नेदरलँड्स, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००७ साली सायकलच्या गतीची समीकरणं नीट तपासून प्रसिद्ध केली. त्यांच्या नमुना सायकलीला कुणीही हँडल न धरता उभं राहणं जमत होतं ते साधारण ताशी १५ ते २२ किमीच्या पट्ट्यात. त्याखाली स्वाराला सतत सावरावं लागतं. थोडक्यात, चालणाऱ्याच्या वेगाला आलेली सायकल सरळ राहत नाही. गर्दीत ज्या वेगाला ती सुरक्षित असायला हवी, त्याच वेगाला ती सगळ्यात जास्त डुलते.

आणि जोरात गेली तर? पाहून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरलं, तर ताशी १५ किमीला पूर्ण थांबायला सुमारे ७ मीटर लागतात, २५ ला सुमारे १५. हे कोरड्या जमिनीवर. पावसाळ्यात टेट्रापॉडवर, म्हणजे किनाऱ्यावर टाकलेल्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, आपटून लाट वर येते, लाद्या ओल्या होतात, त्यावर बारीक वाळू असते, तिथे हे अंतर आणखी वाढतं.

उरली घंटी. मागच्या हिवाळ्यात आत्याच्या मागून कुणी तरी घंटी वाजवली. अगदी सभ्यपणे, दोनदा. आत्या डावीकडे सरकली आणि सायकलवालाही डावीकडूनच काढत होता. हँडल तिच्या कोपराला घासून गेलं. त्याने उतरून माफी मागितली, पण आत्याचा हात घरी येईपर्यंत थरथरत होता. त्या रात्री मी विचार करत बसले की यात चूक कुणाची?

आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपला मेंदू ओळखतो ते मुख्यतः दोन कानांपर्यंत पोचणाऱ्या आवाजातल्या बारीक फरकावरून: एका कानाला किंचित आधी, किंचित मोठा. आवाज बरोबर पाठीमागून आला तर हा फरक जवळजवळ शून्य असतो. मग माणूस मान वळवतो आणि मानेबरोबर पाऊलही त्या बाजूला झुकतं. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं तेही आधी उंच पट्टीतलं, आणि घंटीचा आवाज त्याच पट्टीतला. त्यात लाटांचा आवाज. लाट फुटताना खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळे आवाज एकत्र निघतात आणि घंटी त्यात बुडते. आत्याने ऐकलं ते उशिरा, आणि कुठून ते कळलंच नाही. चूक दोघांचीही नव्हती.

समुद्रकाठच्या वाटेची आणखी एक गोष्ट आहे, जी साध्या फुटपाथला नसते. इथे माणसं नुसती लांबीने चालत नाहीत, वाट आडवी ओलांडतात. बसमधून उतरतात आणि पाण्याच्या ओढीने थेट कट्ट्याकडे. कट्ट्यावरून उठतात ते फोटोसाठी पाठमोरे दोन पावलं मागे. नजर क्षितिजावर, सूर्यावर. आणि तसंच असायला हवं. या शहरात मान वर करून निर्धास्त चालता येईल अशा जागा किती उरल्यात? ती निर्धास्ती काढून घेतली तर ही वाट कशासाठी बांधली?

नेदरलँड्समध्ये या प्रश्नाला आकड्यात उत्तर दिलंय. रस्त्यांच्या आखणीची मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या तिथल्या क्रो या संस्थेची मर्यादा अशी : वाटेच्या रुंदीच्या दर मीटरमागे तासाला १०० पर्यंत पादचारी असतील तर सायकली बेलाशक मिसळू द्या, १०० ते १६० असतील तर वेगळा पट्टा आखा, १६० ते २०० असतील तर उंचीचा फरक ठेवा, २०० च्या वर एकत्र आणूच नका. आपले मिनिटाला दहा-दहा म्हणजे तासाला १,२०० जण. वाट सहा मीटर मोकळी धरली तर मीटरमागे बरोबर २००. म्हणजे साधा मंगळवारच मर्यादेला टेकतो. पहाटे साडेपाचला मात्र मिनिटाला दोन-दोन माणसं असतात, मीटरमागे ४०. तेव्हा मी सायकल चालवते आणि कुणाला त्रास होत नाही. वाट तीच, मीही तीच, फरक फक्त वेळेचा.

तेव्हा सरसकट बंदी मला पटत नाही आणि सरसकट मोकळीकही नाही. सायकलला तिची जागा हवी, आणि ती चालणाऱ्यांच्या वाट्यातून कापलेली नको, मोटारींच्या वाट्यातून यायला हवी. कॅनडात व्हँकुव्हरच्या स्टॅन्ले पार्कला समुद्राकडून वळसा घालणारी नऊ किमीच्या आसपासची वाट आहे. तिथे सायकलींना वेगळा पट्टा आहे आणि त्यांनी घड्याळाच्या उलट्या दिशेनेच जायचं. एकाच दिशेने गेल्यामुळे सायकली समोरासमोर येत नाहीत. मुंबईत सागरी किनारा मार्गालगतचं विहार क्षेत्र ऑगस्ट २०२५ मध्ये खुलं झालं, त्यातही सायकलसाठी मार्ग धरलेला आहे. नवी जागा आखताना हे सोपं जातं.

पण रंगाचा पट्टा पुरत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्या पायाला रंग कळत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या चाचण्यांत अंध व्यक्तींना खात्रीने जाणवेल अशी कडेची किमान उंची ६० मिमी निघाली, म्हणजे आडवी धरलेली तीन-साडेतीन बोटं. सायकल मार्ग रस्त्याच्या बाजूला, चालणारे समुद्राच्या बाजूला, मध्ये एवढी पायरी. आणि जिथे बसथांबा आहे तिथे सायकल मार्गच उचलून फुटपाथच्या पातळीला आणायचा, म्हणजे आत्यासारखी माणसं सपाट चालत कट्ट्याकडे जातील आणि चढ लागल्यामुळे सायकलचा वेग आपोआप उतरेल.

तोवर मी उजाडून गर्दी वाढली की सायकलवरून उतरते. चहाची किटली बांधून फिरणारे विक्रेते गर्दीत तेच करतात: एक हात हँडलवर, एक सीटवर. हातात धरून नेलेली सायकल ताशी ३ किमीनेही सरळ जाते.